प्रोजेक्ट चालला म्हणजे झालं का? एका कॉलेज असाइनमेंटमधून समजून घ्या इंजिनिअरिंग डिझाइन प्रोसेस

फायनल इयरची व्हायवा. टेबलावर प्रोजेक्ट मांडलेला. एलईडी पेटतोय, मोटर फिरतेय, ब्लॅक बुक बाइंड होऊन आलंय. एक्सटर्नल दोन मिनिटं सगळं बघतात आणि विचारतात, "हे तुम्ही असंच का केलं? दुसरं काही करून पाहिलं का?"

ग्रुपमधले चौघं एकमेकांकडे बघतात.

हा सीन तुमच्या ओळखीचा असेल. अनेक ग्रुपमध्ये प्रोजेक्टची सुरुवात "टॉपिक काय घ्यायचा?" या प्रश्नाने होते. मग इंटरनेटवरून सर्किट मिळतं, पार्ट येतात, कधी तर अख्खा प्रोजेक्टच तयार विकत मिळतो. तो कोणाची अडचण सोडवण्यासाठी आहे, हे शेवटच्या आठवड्यात, ब्लॅक बुकमधला 'प्रॉब्लेम स्टेटमेंट'चा रकाना भरताना ठरतं.

इंजिनिअरिंग डिझाइन प्रोसेस नेमकी याच्या उलट दिशेने चालते. ती समजून घेण्यासाठी आपण एक खरा विद्यार्थी-प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघूया. हा प्रोजेक्ट अमेरिकेतल्या एका वर्गात सुरू झाला आणि पुढे भारतात येऊन उभा राहिला.

इंजिनिअरिंग डिझाइन प्रोसेस म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर, एखादी अडचण सोडवणारी वस्तू किंवा व्यवस्था तयार करण्याची ही टप्प्याटप्प्याची पद्धत आहे. पैसा, वेळ, साहित्य, सुरक्षितता अशा मर्यादा पाळूनच ती वस्तू बनवायची असते.

शाळेत आपण विज्ञानाची पद्धत शिकतो. तिथे प्रश्न असतो, "असं का होतं?" इथे प्रश्न असतो, "एवढ्या मर्यादांमध्ये काय बनवता येईल?" म्हणूनच इथे एकच बरोबर उत्तर नसतं. काही उत्तरं जास्त चांगली असतात, काही कमी.

कोणत्या पुस्तकात पाच टप्पे दिसतील, कोणत्यात आठ. पण गाभा साधारण असा असतो:

१. अडचण ओळखणं आणि नेमक्या शब्दांत मांडणं
२. आधी काय काय झालंय, याचा अभ्यास करणं
३. गरजा आणि मर्यादा मोजता येतील अशा लिहिणं
४. अनेक पर्याय सुचवणं आणि त्यातला एक निवडणं
५. नमुना, म्हणजेच प्रोटोटाइप, तयार करणं
६. चाचणी घेणं, सुधारणं आणि गरज पडल्यास मागच्या कोणत्याही टप्प्यावर परत जाणं

यातला शेवटचा टप्पा नीट वाचा. ही सरळ रेष नाही. आपल्या गोष्टीत हे परत जाणंच सगळ्यात महत्त्वाचं ठरलं.

गोष्ट सुरू होते २००७ मध्ये

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 'डिझाइन फॉर एक्स्ट्रीम अफोर्डेबिलिटी' नावाचा कोर्स आहे. अगदी कमी उत्पन्नातल्या लोकांना परवडतील अशा वस्तू डिझाइन करायच्या, हा त्याचा विषय. २००७ मध्ये या कोर्समधल्या एका टीमला असाइनमेंट मिळाली: नवजात बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवा. किंमत नेहमीच्या इन्क्युबेटरच्या १ टक्क्याहून कमी हवी. तेव्हा नेहमीच्या इन्क्युबेटरची किंमत सुमारे २०,००० डॉलर सांगितली जायची. म्हणजे लक्ष्य होतं २०० डॉलरच्या आत.

जेन चेन, लायनस लियांग, नागानंद मूर्ती आणि राहुल पणिकर ही या टीममधली नावं. कोणी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं, कोणी कॉम्प्युटर सायन्सचं, कोणी एमबीएचं. यातलं कोणीही डॉक्टर नव्हतं.

आधी इन्क्युबेटर का लागतो ते बघू. जन्माच्या वेळी २.५ किलोपेक्षा कमी वजन असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्या बाळाला 'कमी वजनाचं बाळ' म्हणते. अशा बाळाच्या अंगावर चरबी कमी असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त असतो. त्यामुळे अंगातली उष्णता भराभर निघून जाते. आपल्याला सुखद वाटणाऱ्या खोलीतही ते बाळ गार पडू शकतं. नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. ते घसरलं की बाळाची सगळी ताकद ऊब टिकवण्यात जाते. श्वास, दूध ओढणं, वाढ या सगळ्यांवर परिणाम होतो आणि जीवही जाऊ शकतो.

टप्पा १: खरी अडचण कोणती?

असाइनमेंट वाचून पहिला विचार सरळ होता. इन्क्युबेटर महाग आहे, तर त्यातले महागडे पार्ट काढा, स्वस्त पार्ट लावा. बहुतेक ग्रुपनी हेच केलं असतं.

पण टीममधला लायनस लियांग नेपाळला गेला. तिथल्या हॉस्पिटलमध्ये त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. दान म्हणून मिळालेले इन्क्युबेटर होते, पण त्यातले बरेचसे रिकामे होते.

असं का, हे विचारल्यावर डॉक्टरांनी कारण सांगितलं. ज्या बाळांना इन्क्युबेटरची सगळ्यात जास्त गरज आहे ती शहरातल्या हॉस्पिटलमध्ये जन्मतच नाहीत. ती दूरच्या खेड्यांत, घरी जन्मतात. हॉस्पिटलपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांचा जीव जातो.

इथे प्रोजेक्टचा प्रश्नच बदलला. आधीचा प्रश्न होता, "इन्क्युबेटर स्वस्त कसा करायचा?" नवा प्रश्न झाला, "दूरच्या गावातल्या आईवडिलांना, वीज नसताना, आपल्या बाळाला ऊब देता येईल असं काय बनवता येईल?"

दोन्ही प्रश्न शेजारी ठेवून बघा. पहिल्या प्रश्नात वस्तू आधीच ठरलेली आहे. दुसऱ्यात माणूस, जागा आणि गरज आहे, वस्तू कुठेच नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही हुशारीने काढलं असतं, तरी हॉस्पिटलमध्ये आणखी एक रिकामं, फक्त जरा स्वस्त यंत्र वाढलं असतं.

तुमच्या प्रोजेक्टसाठी: प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये यंत्राचं नाव आलं असेल तर ते खोडा आणि वाक्य पुन्हा लिहा. 'शेतकऱ्यांसाठी आयओटी बेस्ड सिंचन यंत्रणा' हे उत्तर आहे, अडचण नाही. 'रात्री लाइट आली की पंप चालू करायला शेतकऱ्याला अंधारात शेतावर जावं लागतं' ही अडचण आहे. ती कळायला एकदा तरी शेतावर जावं लागतं.

टप्पा २: आधी कोणी काय केलंय?

लोकांनी या प्रश्नावर आधीच काय काय शोधलंय, हे बघितल्याशिवाय पुढे गेलं तर चाकाचा शोध पुन्हा लागतो. बाळाला ऊब देण्यासाठी लोक गरम पाण्याच्या बाटल्या वापरत होते, बल्बखाली बाळाला ठेवत होते. पण बाटली आधी चटका देते आणि मग गार पडते. बल्बला वीज लागते आणि त्याने नक्की किती ऊब मिळते ते कळत नाही.

आणखी एक उपाय होता, त्याला तर कोणतंच यंत्र लागत नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते, म्हणून १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असं बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच 'कांगारू मदर केअर'. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर लगेच, इन्क्युबेटरच्या आधी, हीच काळजी द्यावी अशी शिफारस केली.

महाराष्ट्रातही याच प्रश्नाला वेगळं उत्तर मिळालं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच महिलांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिलं आणि नवजात बाळांची काळजी घरी नेली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर चर्चिले गेले.

मग नवीन वस्तूची गरज काय, असा प्रश्न पडतो. तो पडायलाच हवा. आई आजारी असेल, शुद्धीवर नसेल, बाळाला गावातून हॉस्पिटलमध्ये न्यायचं असेल, तर चोवीस तास छातीशी धरणं शक्य होत नाही. आपली वस्तू नेमकी कोणत्या जागी उपयोगी पडते, ते या अभ्यासातून कळतं. 'आमचा प्रोजेक्ट सगळ्यांपेक्षा भारी' हे सिद्ध करायला हा टप्पा नसतो.

टप्पा ३: 'गरम राहायला हवं' म्हणजे किती?

आता गरजा लिहायच्या. पण 'गरम', 'स्वस्त', 'वापरायला सोपं' हे शब्द डिझाइनमध्ये कामाचे नाहीत, कारण त्यांची चाचणी घेता येत नाही.

आपल्या उदाहरणातल्या गरजा मोजता येतील अशा लिहिल्या तर त्या साधारण अशा होतील:

- बाळाला लागणारा भाग ३७ अंशांच्या आसपास राहावा
- एकदा गरम केल्यावर किमान ४ तास ऊब टिकावी
- त्या वेळेत वीज लागू नये
- धुता आणि निर्जंतुक करता यावं
- वाचता न येणाऱ्या व्यक्तीलाही वापरता यावं
- किंमत २०० डॉलरच्या आत असावी

यादी झाली की तिचे दोन भाग करा. एकात अटी, ज्या मोडल्या तर पर्याय बाद. दुसऱ्यात पसंती, म्हणजे जेवढं मिळेल तेवढं चांगलं. बाळाला चटका बसू नये, ही अट आहे. वजन हलकं असावं, ही पसंती आहे. हा फरक पुढे किती कामी येतो ते बघा.

टप्पा ४: पर्याय निवडायचा कसा?

इंजिनिअरिंगमध्ये यासाठी निर्णय-तक्ता वापरतात. प्रत्येक निकषाला महत्त्वानुसार वजन द्यायचं, प्रत्येक पर्यायाला ५ पैकी गुण द्यायचे, गुणाकार करून बेरीज घ्यायची. खालचे आकडे त्या टीमचे नाहीत, पद्धत कळावी म्हणून आम्ही दिलेत.

निकषांचं वजन: तापमान स्थिर राहणं ५, विजेशिवाय चालणं ४, कमी किंमत ३, स्वच्छता २.

- गरम पाण्याची बाटली: गुण २, ५, ५, ४. एकूण १० + २० + १५ + ८ = ५३
- बल्ब लावलेली पेटी: गुण २, १, ४, २. एकूण १० + ४ + १२ + ४ = ३०
- मेणाची पिशवी: गुण ५, ४, ३, ४. एकूण २५ + १६ + ९ + ८ = ५८

मेणाची पिशवी जिंकली, पण बाटली फक्त ५ गुणांनी मागे आहे. किंमतीचं वजन ३ ऐवजी ६ केलं तर बाटली ६८ वर जाते, पिशवी ६७ वर राहते आणि निकाल फिरतो! म्हणून तक्ता भरण्याआधी अटी तपासायच्या. बाटली चटका देऊ शकते, त्यामुळे ती स्पर्धेतच राहत नाही. तक्ता तुमच्या वतीने निर्णय घेत नाही. तुम्ही निर्णय कशावर घेतला, ते तो सगळ्यांसमोर मांडतो. व्हायवामधल्या 'असंच का?' या प्रश्नाचं उत्तर इथे तयार होतं.

पण मेणच का?

या टीमने शेवटी जे बनवलं ते दिसायला छोट्या स्लीपिंग बॅगसारखं आहे. तिच्या मागच्या बाजूच्या कप्प्यात मेणासारख्या पदार्थाची पिशवी बसते. हा पदार्थ सुमारे ३७ अंशांना वितळतो आणि गोठतो. अशा पदार्थाला 'फेज चेंज मटेरियल' म्हणतात.

यामागचं विज्ञान तुम्ही सरबताच्या ग्लासात पाहिलंय. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत सरबत जवळपास तितकंच थंड राहतं, कारण येणारी उष्णता तापमान वाढवण्याऐवजी बर्फ वितळवण्यात खर्च होते. ही अप्रकट उष्मा. मेणाच्या पिशवीत तेच उलट दिशेने घडतं. वितळलेलं मेण हळूहळू गोठत जातं, गोठताना उष्णता सोडतं, पण त्याचं तापमान ३७ च्या आसपासच राहतं.

थोडं गणित करू. अशा मेणासारख्या पदार्थाचा १ किलो गोठताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता मिळते. ४ तासांवर वाटली तर ती सतत सुमारे १४ वॉट होते. तेवढीच उष्णता १ लीटर पाण्यातून हवी असेल तर? पाणी १ अंशाने थंड होताना किलोमागे ४.२ किलोज्यूल देतं. म्हणजे ते जवळपास ४८ अंशांनी थंड व्हावं लागेल. शेवटी ३७ अंश हवे असतील तर सुरुवात ८५ अंशांपासून करावी लागेल. ८५ अंशांच्या पाण्याची बाटली बाळाजवळ कोण ठेवेल?

मेण गरम करायला विजेवर सुमारे अर्धा तास पुरतो आणि मग पिशवी ४ तास किंवा त्याहून जास्त ऊब देते. गावात वीज दिवसभर नसली तरी अर्धा तास असू शकते. उकळत्या पाण्याने पिशवी गरम करण्याचाही पर्याय टीमने शोधला. आतून शिवण ठेवली नाही, म्हणजे घाण आणि जंतू साचायला फट उरत नाही.

टप्पे ५ आणि ६: नमुना, चाचणी आणि एका आईचं उत्तर

कोर्स संपला, ग्रेड मिळाले. इथे बहुतेक प्रोजेक्ट कपाटात जातात. या टीमने २००८ मध्ये 'एम्ब्रेस' नावाची संस्था काढली आणि पुढच्या कामासाठी बेंगळुरू गाठलं.

एका नमुन्यावर तापमान दाखवणारी पट्टी होती. पिशवी ३७ अंशांपर्यंत गरम करायची, इतकं साधं. भारतातल्या एका गावात टीमने हा नमुना एका आईला दाखवला आणि विचारलं, कसं वापराल? तिने सांगितलेल्या उत्तराचा आशय असा होता: डॉक्टरांची औषधं फार कडक असतात, म्हणून आम्ही सांगितल्यापेक्षा कमीच देतो. तुम्ही ३७ म्हणालात तर मी ३० पर्यंतच गरम करीन.

थांबून विचार करा. लॅबमध्ये हा नमुना पास होता. मेण बरोबर, पट्टी बरोबर, तापमान बरोबर. पण त्या आईच्या हातात तो बाळाला पुरेशी ऊब देऊ शकला नसता. चूक तिची नव्हती. बाळाला जास्त होऊ नये या काळजीनेच ती कमी करणार होती. चूक आकडा दाखवणाऱ्या डिझाइनची होती.

टीमने आकडे काढून टाकले. त्याजागी फक्त 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' एवढंच कळणारी खूण आली. यासाठी कोणतंही नवं तंत्रज्ञान लागलं नाही. लागला फक्त एक प्रश्न, योग्य माणसाला, योग्य वेळी विचारलेला. लाखो पिशव्या बनल्यानंतर हे कळलं असतं तर?

२०११ मध्ये ही वस्तू भारतात वापरात आली. म्हणजे वर्गातल्या असाइनमेंटनंतर चार वर्षांनी. सुरुवातीच्या काळात टीम २५ डॉलरपर्यंत किंमत आणण्याचं बोलत होती, प्रत्यक्षात ती २०० डॉलरच्या घरात गेली. वैद्यकीय वस्तूला सुरक्षा चाचण्या, दर्जा, प्रशिक्षण असं बरंच काही लागतं आणि ते कॉलेजच्या बजेटमध्ये दिसत नाही. तरीही संस्थेच्या सांगण्यानुसार ही वस्तू अनेक देशांतल्या लाखो बाळांपर्यंत पोहोचली.

तुम्ही तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय करू शकता?

पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, काय केलं, काय फसलं, का बदललं. चार ओळी पुरतात. फसलेल्या प्रयोगांचे फोटोही काढा. पुढे ब्लॅक बुक यातूनच लिहून होईल.

पहिला नमुना स्वस्त असू द्या. पुठ्ठा, सेलोटेप, थर्माकोल चालेल. ज्या नमुन्यावर पाच हजार खर्च झालेत, तो चुकीचा आहे हे मान्य करायला आपण तयार होत नाही. पन्नास रुपयांचा नमुना सहज फेकता येतो.

चाचणी आधी लिहा, मग घ्या. '२० अंशांच्या खोलीत, दर १५ मिनिटांनी तापमान नोंदवू. ४ तास ३६ ते ३८ च्या आत राहिलं तर पास.' एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि आरोग्याशी संबंधित काही बनवत असाल तर चाचणी पाण्याच्या पिशवीवर किंवा बाहुलीवर घ्या, खऱ्या बाळावर किंवा रुग्णावर अजिबात नाही.

वस्तू हातात द्या आणि गप्प बसा. "आवडलं का?" असं विचारलं तर लोक "छान आहे" म्हणतात. त्याऐवजी "हे कसं वापराल, करून दाखवा" म्हणा. समोरचा जिथे अडखळेल तिथे तुमचं पुढचं काम आहे.

वेळ मागे जाण्यासाठी राखून ठेवा. सोळा आठवडे असतील तर सोळाव्या आठवड्यात पहिली चाचणी ठेवू नका. आठव्या-नवव्या आठवड्यात काहीतरी फसलंच पाहिजे, म्हणजे सुधारायला वेळ उरेल.

मग मार्कांचं काय?

हा प्रश्न खरा आहे. तयार प्रोजेक्टवरही मार्क मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय गावात जाऊन लोकांशी बोलण्याला कुठल्याच शीटवर वेगळा रकाना नसतो.

पण पुन्हा त्या व्हायवाच्या टेबलाशी या. एक्सटर्नल विचारतात, "हे तुम्ही असंच का केलं?" ज्या ग्रुपकडे वही आहे, तो सांगू शकतो: आम्ही आधी आकडे दाखवणारी पट्टी लावली होती. एका आईशी बोललो, ती काढून टाकली. ही बघा तारीख, हा आधीचा नमुना.

या उत्तरासाठी प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात चालायला लागत नाही. तो का चालला नाही हे तुम्हाला माहीत असावं लागतं. त्यामुळे या वर्षी ग्रुपच्या पहिल्या मीटिंगमध्ये 'टॉपिक काय घ्यायचा' याआधी एक प्रश्न विचारून बघा: आपण कोणाशी बोलायला जायचं?